नांगरमामांची मान

नांगरमामांची मान वळत नसे. हाडांचा काही दोष नव्हता, डॉक्टरांना दाखवण्यासारखंही काही नव्हतं. तो त्यांचा निर्धार होता. तरुणपणी सिद्धेश्वरच्या धरणावर बाप्तिस्मा घेऊन ते ओल्या कपड्यांनी वर आले, तेव्हा पाळकांनी बजावलं की नांगराला एकदा हात घातला की मागे पाहायचं नाही. पाळकांना म्हणायचं होतं, जुन्या आयुष्याकडे परत फिरू नकोस. मामांनी ते थेट मानेवर घेतलं. त्या दिवसापासून हाक मारा, शिट्टी मारा, पाठीमागे फटाक्यांची माळ लावा, मामा वळायचे नाहीत. उपासना संपली की सगळी मंडळी मागच्या दाराने बाहेर पडायची आणि मामा वेदीशेजारच्या, खास पाळकांच्या दाराने.

नांगर मात्र त्यांनी जन्मात धरला नव्हता. ते एसटीचे ड्रायव्हर होते. "मग मामा, गाडी रिव्हर्स कशी घेता हो?" असं आम्ही मुद्दाम विचारायचो. "आरसा काहून देला सरकारनं? आन् कंडक्टर काहून देला?" मामा मिशीवरून बोट फिरवत म्हणायचे. मिशी झकास होती, हे मान्य करायला हवं.

सायकलला आरसा नव्हता, तिथे सगळा घोटाळा झाला. आमच्याकडे कापणीच्या सणाला ज्याचं जे पिकलं ते आणून वेदीपुढे ठेवतात. मामांचं काहीच पिकत नसे, म्हणून ते पुसेगावला मेव्हण्याच्या शेतावर गेले आणि पोतंभर हळद कॅरिअरला बांधून निघाले. पोत्याला खाली भोक. हळकुंडं रस्ताभर सांडत चालली. मागून लोक ओरडताहेत, "ओ बाबा, पोतं फाटलं! थांबा की!" मामा कशाला थांबतात? सैतान माणसाला पाठीमागून हाका मारतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हाका वाढल्या तसं त्यांनी गीत मोठ्याने म्हणायला घेतलं आणि पायडल जोरात मारलं. हिंगोलीला पोचले तेव्हा पोत्यात पाच हळकुंडं होती. तीही त्यांनी छाती काढून वेदीपुढे ठेवली. पाळकांनी बिचाऱ्यांनी त्यावरही आशीर्वाद मागितला. पुसेगाव रस्त्यावरच्या लोकांनी मात्र त्या वर्षी हळद विकत घेतली नसणार.

इथवर हसायला बरं होतं. पुढचं सांगताना मला आजही संताप येतो.

मामा-मामींना एकच मुलगा, योना. हा पाळक होणार, हे तो पाळण्यात असतानाच मामांनी ठरवून टाकलं होतं. आता ज्याला देवाने एकीकडे धाडलं आणि जो भलतीकडच्या जहाजात जाऊन बसला, त्याच संदेष्ट्याचं नाव पोराला ठेवायचं आणि पोरगा पळून आला की डोक्याला हात लावायचा, हे मामांनाच जमावं! योना पाळकीच्या शिक्षणातून दुसऱ्याच वर्षी ट्रंक घेऊन परत आला. "बाबा, मला न्हाई जमून राहिलं," तो दारातूनच म्हणाला. "मनात नसताना उपदेश करन्यापरीस मी मोटारी दुरुस्त करतो." मामा जेवत होते. ते ताटावरून उठले, त्याच्याकडे पाठ केली आणि म्हणाले, "ज्यानं मागं पाहिलं, त्याच्याकडं मी पाहनार न्हाई." झालं. निर्धाराला आणखी एक गाठ बसली.

योनाने विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकलं, लग्न केलं, बाजाराजवळ खोली घेतली. चर्चची मंडळी मात्र सोडली नाही. दर रविवारी यायचा आणि पुरुषांच्या बाजूला अगदी शेवटच्या बाकावर बसायचा. बाप पहिल्या बाकावर, मध्ये नऊ बाक. हिंगोलीचा जिल्हा झाला, योनाला मुलगी झाली, पिंकी, तरी मध्ये ते नऊ बाक तसेच. पिंकीला मांडीवर घेऊन तो बापाच्या पाठीकडे बघत बसायचा.

मला राहवेना. "अरे, तूच पुढे जा की," मी त्याला म्हटलं.

"गेलतो ना, आशाताई. समोर हुबा राह्यलो तर डोळे मिटून प्रार्थना कराया लागले." मग म्हणाला, "एक डाव त्यांनी मागं पाह्यलं ना, तर मी धावत जाऊन पाया पडतो. पन त्यांना ठावंच न्हाई, मी येतो म्हून."

मी पेटी वाजवायचे, त्यामुळे पुढे, आडव्या तोंडाने बसायचे. मामा मला नीट दिसायचे आणि काय दिसायचं ते सांगते. उपदेश सुरू झाला की मामा चष्म्याच्या डबीतून एक गोल आरसा काढायचे, डाव्या हाताने कानाशी धरायचे आणि आमेनपर्यंत त्यात बघत बसायचे. मिशी! देवाच्या घरात, पहिल्या बाकावर, तासभर मिशी! मी गायनमंडळातल्या सगळ्या पोरींना ते दाखवलं. आम्ही गीतांच्या वह्या तोंडावर धरून हसायचो. तेवढ्यावर मी थांबले असते तर बरं होतं. पण माझी जीभ थांबते कुठे? मी योनालाही सांगितलं, "तुझा बाप मुलाला बघत नाही, पण मिशीला बघतो हं." त्याचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, खरं ते सांगितलं, बरं केलं.

मामा गेले ते अचानकच. योनाला निरोप गेला, तो दुकान उघडं टाकून धावत आला, पण उशीर झाला होता. दफनविधी उरकून आम्ही घरी आलो, तेव्हा मामींनी कोनाड्यातून चष्म्याची डबी काढली आणि त्याच्या हातात दिली.

"धर. आता तुझी."

योनाने डबी उघडली आणि आरसा बघून परत मिटली. "मिशीचा आरसा मी काय करू, आई?"

"मिशीचा? कोन म्हनलं मिशीचा?" मामी त्याच्यावर खेकसल्या. "मिशी बघाया मानूस कानापाशी आरसा धरतो व्हय रे? एसटी चालवली जन्मभर, मागचं कसं बघावं त्यांना कुनी शिकवाया पायजे व्हतं का? दर ऐतवारी घरी येऊन सांगत व्हते मला. आज पोरीनं लाल फ्राक घातला. आज पोरगी दुसऱ्या गीतालाच झोपली. आज योना लई खोकून राहिला, त्याला काढा धाड, पन माझं नाव नको घेऊ."

योना खाली बसला आणि लहान लेकरासारखा रडला. मिशीचं कोणी सांगितलं, हे त्याने मामींना सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. मी तिथे पाण्याचा तांब्या हातात घेऊन नुसती उभी राहिले. मला माझी लाज वाटली आणि त्याहून जास्त मामांचा राग आला. माणसाने नातीचं अख्खं बाळपण रुपयाएवढ्या आरशात बघायचं? मान वळवायला काय लागत होतं हो, मामा? देव काय तेवढ्यासाठी तुमच्या हातातला नांगर काढून घेणार होता?

पुढच्या रविवारी योना पहिल्या बाकावर, मामांच्या जागी बसला. उपदेश सुरू झाला तशी पिंकी बाकावर गुडघे टेकून चक्क उलटी बसली. पाळकांकडे पाठ आणि तोंड सगळ्या मंडळीकडे. एकेकाकडे बघून हसत होती. पाळक मध्येच थांबून म्हणाले, "बाळ, असं नाही. समोर बघ."

"बघू द्या, साहेब," योना म्हणाला. "तिला मागं बघू द्या."