मस्टसर आणि रजेचा अर्ज

मस्टसरांकडे रजेचा अर्ज नेला की कारण ते नंतर वाचत. आधी चष्म्यावरून बघत विचारायचे, "मस्ट की हॅव टू?" इंग्रजीत दोन्हींचा अर्थ करावंच लागणं, पण सरांच्या लेखी दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. "मस्ट आपल्या आतनं येतं. हॅव टू दुसरं कुणीतरी करायला लावतं," हे त्यांनी औंधजवळच्या आमच्या शाळेत इतक्यांदा सांगितलं, की खरं नाव मागे पडून ते मस्टसरच झाले.

अर्जाच्या तळाशी दोनातला एक शब्द लिहायचाच, असा त्यांचा दंडक. एकदा मी लिहिलं, 'शेळी विणार आहे. मस्ट.' सगळा वर्ग हसला, माझं तोंड एवढंसं झालं. सरांनी मात्र रजा दिली, आणि संध्याकाळी करडू बघायला स्वतः दारात हजर! "दोन झाली व्हय? लय झ्याक," म्हणत चहा पिऊन गेले.

आम्ही मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचं. दहावीच्या वर्षी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मलाही न्यायचं ठरवलं. माझी शाळा संपल्यातच जमा होती. निघायच्या आदल्या दिवशी सर घरी आले.

"आवं सर, मेंढरांमागं माणूस लागतंय. तिला यावंच लागंल," आबा म्हणाले.

"मेंढरांना जायलाच पायजे, कबूल. पर पोरीला एकदा इचारा."

मला तोवर कुणी काही विचारलंच नव्हतं. "शाळा मस्ट हाय," मी पुटपुटले.

"म्हंजी?"

"सोडली तर माझा जीव कुठंच लागणार न्हाई, आबा."

दुसऱ्या दिवशी आबा मला आत्याकडे ठेवून गेले. त्या वर्षी मेंढरांमागे एकट्याची त्यांची फार ओढाताण झाली. त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

आता मी मिरजेच्या दवाखान्यात नर्स आहे. गेल्या महिन्यात सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आमच्याकडेच झालं. सर एकटेच राहतात, म्हणून घरी सोडायच्या दिवशी त्यांना गावापर्यंत पोचवायला मी रजा टाकली.

"कारण काय लिवलंस?" एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं माझ्याकडे रोखून बघत सरांनी विचारलं.

"मस्ट. एवढंच."

"आन् सही झाली?"

"मेट्रनबाईंनी आठ्या घातल्या, पण केली."

सर खुशीत कॉटवरून उतरले. "मग पिशवी उचल, पोरी."