उन्हाच्या मागे फिरणारे म्हात्रेकाका

कंपनीच्या बसमध्ये पहिल्याच दिवशी मी खिडकीजवळच्या जागेवर बसायला गेले, तर तिथे टोमॅटोचं झाड बसलं होतं. कुंडी मफलरने सीटच्या दांडीला बांधलेली. शेजारी एक वयस्कर गृहस्थ डबा मांडीवर घेऊन बसले होते. "मागं बस गो," ते म्हणाले, "त्याचं ऊन जाईल." माझा नोकरीचा पहिलाच दिवस. साहेब कोण, कामगार कोण हेच मला अजून कळत नव्हतं, तिथे झाडाशी हुज्जत कोण घालणार? मी मुकाट्याने मागे जाऊन बसले.

हे म्हात्रेकाका. राहायला पेणला, कामाला रोह्याला, बॉयलरवर. त्यांच्या घराभोवती तिन्ही बाजूंनी इमारती उठल्या होत्या आणि ऊन उरलं होतं ते फक्त मागच्या ओट्यावर. त्या ओट्यावर काकींचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, पोह्याचे पापड वाळत. काकी पापड विकायच्या, आणि त्या उन्हातला वीतभर तुकडाही त्या कुणाला देत नसत. म्हणून काका झाडाला ऊन दाखवायला रोज रोह्याला न्यायचे. सकाळी जाताना ऊन डाव्या खिडकीत, संध्याकाळी परतताना पुन्हा डाव्याच! या शोधाचा त्यांना फार अभिमान होता. "ही बस बांधतानाच कुणीतरी झाडाचा इचार केलेला हाय," असं ते गंभीरपणे सांगत. दिवसभर झाड कँटीनच्या भिंतीशी उभं असायचं.

या खटाटोपामागे कारण होतं. काकांच्या हातून आजवर काही उगवलं नव्हतं. एकदा त्यांनी हमरापूरच्या मेव्हण्याच्या गणपतीच्या कारखान्यातून शाडूची माती आणली. गणपती ज्या मातीचा होतो ती वाईट कशी असेल, हा त्यांचा हिशेब. तीत वांगं लावलं. चार उन्हं लागल्यावर कुंडीचा दगड झाला आणि वांगं आत अडकून मेलं. काकी म्हणाल्या, "आता सोंड लावा आन रंगवून विका." काका हसले, पण ते त्यांना लागलं होतं. आपल्या हातचा एक टोमॅटो बायकोच्या हातावर ठेवायचाच, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

आम्हा सगळ्यांना मात्र ते बागेचे धडे देत. मी म्हणायचे, काका, मला वेळच नसतो. "येळ नसलेल्यानं एकच कुंडी ठेवावी," ते म्हणत, "पण ती वाटेत ठेवावी. येता-जाता पायाला लागली पायजे. ठेच लागली की पाणी घातलं जातं." मी पुदिना दारात ठेवला. पाहुणे अडखळतात, आई वैतागते, पण पुदिना झकास आलाय. "बाग मोठी झाली की आपण तिचे नोकर," असंही ते म्हणायचे. हे बोलताना त्यांचा एक हात झाडाला सावरायला असायचा, ते वेगळं.

अखेर टोमॅटो धरला. वाटाण्याएवढा, हिरवागार. काका हरखून गेले आणि संध्याकाळी गेटवर घोळ झाला. वॉचमनने झाड अडवलं. "सकाळी आत गेलं तवा नुसतं झाड होतं. आता त्याला टोमॅटो हाय. जास्तीचा माल बाहेर कसा सोडू?"

"अरे, तो माझा हाय!"

"तुमचा असता तर सकाळीच आणला असता."

बस खोळंबली. मॅनेजरसाहेबांना बोलावलं. त्यांनी झाडाला फेरी मारून विचारलं, "पाणी कंपनीचं?"

"नाय साहेब, घरचं. बाटलीतून आणतो."

"आणि ऊन?"

काकांनी मान वर करून आभाळाकडे बघितलं. टोमॅटो आज नेऊ द्यावा, मात्र उद्यापासून झाड आवारात आणि बसमध्येही दिसता कामा नये, असा निकाल लागला.

पेणला उतरल्यावर मी त्यांचा डबा घेऊन घरापर्यंत गेले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. काकी ओट्यावर पापड गोळा करत होत्या. काकांनी कुंडी मोरीजवळच्या अंधारात ठेवली. "तुझ्यासाठी लावला होता," ते म्हणाले. "आता पिकत नाय तो." काकींनी वाकून टोमॅटो बघितला आणि पुन्हा पापड गोळा करू लागल्या. मला त्यांचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांना हाक मारायला गेले, तर पापड शेजाऱ्याच्या गाडीच्या टपावर पसरलेले. काही कंपाउंडच्या भिंतीवर, काही काकांच्या छत्रीवर. शेजारी आपल्याच गाडीची चावी हातात घेऊन अदबीने उभा होता. मागे सगळा ओटा रिकामा, मधोमध टोमॅटोचं झाड, आणि पापडांवरचे कावळे हाकायची काठी घेऊन काकी त्याच्याजवळ पाटावर बसलेल्या. काका दारात तसेच उभे होते, डोळे भरलेले. बसचा हॉर्न वाजला तरी त्यांचा पाय निघेना.

काकींनी मान वर न करता काठी आपटली. "जावा आता ड्युटीला," त्या म्हणाल्या. "ऊन कुठं पळत नाय. मी बसलीय ना हितं."