गायरानावरचा फोटो

सरपंचाच्या पुतण्यानं मोबाईल धरला आन म्हणाला, "पदर बाजूला घे. तोंड दिसाय पायजे."

नुकतं फटफटलं होतं. मी डबा घेऊन बांधावरून परत येत होते. ग्रामसेवक, शाळेतले एक मास्तर आन हा पुतण्या, तिघं वाटेवर थांबलेले. उघड्यावर जाणाऱ्यांना पकडायचं सरकारी पथक. मास्तरांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. ग्रामसेवकानं टाळ्या वाजवल्या. मी पदर बाजूला घेतला. काहून घेतला, ते आजबी सांगता येत न्हाई.

दुपारपर्यंत फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. शेतात निंदायला गेले तर बाया बोलता बोलता गप्प झाल्या. पोरगी शाळेतून रडत आली. दुसऱ्या दिवशी गेलीच न्हाई.  नवरा माझ्याकडं पाहतबी नव्हता.

आमची वस्ती गायरानावर, सरकारी जमिनीत. संडास मागायला मी कितींदा ग्रामपंचायतीत गेले. याच ग्रामसेवकानं सांगितलं होतं, "जागा तुमच्या नावावर न्हाई. नियमात बसत न्हाई." म्हणजे बांधून द्यायचा न्हाई, आन बाहेर गेलं की हार घालायचा. बड्या घरचे म्हातारे रोज स्वतःच्या वावरात जात. त्यांच्या गळ्यात कुणी हार घातला न्हाई.

पुढं जवळच्या गोरेगावात कायद्याचं शिबिर झालं. बचत गटाच्या बाया पायजे होत्या म्हणून आमाला जीपनं नेलं. हिंगोलीच्या एक वकीलबाई बोलत होत्या. "सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, खाजगीपणा हा आपल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. माणसाची प्रतिष्ठा त्यात येते."

मी उभी राहिले. 

"बाई, हा निकाल गायरानावर राहणाऱ्याला लागू हाय का?"

लोक हसले. वकीलबाई हसल्या न्हाईत. "आहे. का विचारताय, ताई?"

मी सगळं सांगितलं. हार, फोटो, पोरगी. आमचा सरपंचबी स्टेजवर बसलेला. म्हणाला, "गावाच्या भल्यासाठी केलं ते. बस खाली."

"न्हाई बसत," मी म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा म्हणाले असंन.

त्याला आता बरेच दिवस झाले. तक्रार द्यायला गेले तर ठाण्यातल्या साहेबानं विचारलं, "फोटोत अंगावर कपडे हायेत ना? मग तुझं गेलं काय?" दिल्लीतला निकाल त्याच्या टेबलापर्यंत पोचलाच नव्हता. मग वकीलबाईंनी त्या पथकावर कोर्टात केस टाकली. तारखा पडत राहिल्या. तारखेला गेलं की त्या दिवसाचा रोज बुडतो. कधी जजसाहेब रजेवर, कधी समोरचा वकील गैरहजर. बाकड्यावर बसून बसून कंबर धरते. मी थकले. खोटं काहून सांगू.

मागच्या आठवड्यात सरपंच दारात आला. "संडास मंजूर करून देतो. केस मागं घे."

"संडास तर द्यावाच लागंल," मी म्हणाले. "त्याचा आन केसचा संबंध न्हाई."

तो गेल्यावर नवरा म्हणाला, "आता पुरे कर." आवाजात राग नव्हता. तोबी थकलाय.

या तारखेला कोर्टात वकीलबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, कोर्टाला विनंती केली तर तुमचं नाव निकालाच्या कागदावर येणार नाही. तोही तुमचा हक्क आहे."

मी विचार केला. मग म्हणाले, "नाव येऊ द्या. पुरं, बापाच्या आन नवऱ्याच्या नावासकट. काय झाकायचं आन काय सांगायचं, ते इथून पुढं मी ठरवणार. केस मागं घेणार न्हाई. हरले तर वरच्या कोर्टात जाईन."