आमच्या बाजूची वाळू

कुवेतच्या महबूल्यातल्या आमच्या मजल्यावर वाळू कोणी काढायची, यावरून मी एक अख्खा हिवाळा भांडले. ऐकणाऱ्याला हसू येईल. माझा नवराही हसायचा. "वाळवंटात राहून वाळूवरून भांडणारी तू पहिलीच," म्हणायचा. पण त्याच हिवाळ्यात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, खोकला झाला, छातीत कफ धरला तर तारीख पुढे जाईल. ती एकदा आधीच पुढे गेली होती. आणखी किती पुढे जाणं त्याला झेपेल, हे डॉक्टर सांगत नव्हते आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. त्यामुळे मला हसू येत नव्हतं.

आमचा मजला सगळ्यात वरचा. लिफ्टमधून बाहेर पडलं की डावीकडे आम्ही, उजवीकडे एक इजिप्शियन जोडपं आणि मध्ये पांढऱ्या फरशीचा पॅसेज. पॅसेजच्या त्यांच्याकडच्या टोकाला एक खिडकी होती. तिची सरकती काच केव्हाच निखळून पडली होती आणि घरमालक नवी बसवत नव्हता. हिवाळ्यात इथे दोन-चार सरी पडल्या तरी वाळू दबते. त्या वर्षी सरी आल्या नाहीत, नुसता वारा आला. कोरडा, गार, दिवसभर शीळ घालणारा. सकाळी दार उघडावं तर सगळ्या पॅसेजभर पिठासारखी बारीक, पिवळट वाळू आणि तिचा मोठा ढीग आमच्याच दाराशी, कारण वारा त्यांच्याकडून आमच्याकडे वाहायचा.

घरात जे करता येईल ते मी केलं. खिडक्यांच्या फटींना टेप लावला. माझ्या एका जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून, ओल्या करून दाराखाली कोंबल्या. ऑफिसला जायच्या आधी पट्ट्या पिळायच्या, आल्यावर परत पिळायच्या, दर वेळी बादलीत चिखल. तरी कणीक मळताना हाताला कचकच लागायचीच. नवरा पेपर वाचता वाचता नुसता खाकरला तरी मी हातातलं टाकून त्याच्याकडे बघायला धावायचे. मुलगी बारावीला होती, अभ्यासातून मान वर न करता म्हणायची, "आई, इट्स जस्ट डस्ट."

समोरची बाई माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. गुडघे धरलेले, अंगाने जाड. तिचा नवरा कुठल्याशा शाळेत शिकवायचा. ती रोज झाडायची, नाही असं नाही. पण कसं, तर आपल्या दारातली वाळू लांब दांड्याच्या ब्रशने पॅसेजच्या मध्यापर्यंत लोटायची आणि दार लावून घ्यायची. दुपारपर्यंत ती सगळी वाळू वाऱ्याने आमच्या दारात. पहिले काही दिवस मी मूग गिळून दोन्ही वाटे भरले. मग एक दिवस तिच्या दाराची बेल वाजवली.

मी हिंदीत भांडत होते, ती अरबीत, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं. माझं म्हणणं, खिडकी तुमच्या बाजूला, म्हणजे वाळू तुमची. तिचं म्हणणं, खिडकी मालकाची, वारा देवाचा, तिने काय करायचं? मी छातीवर हात ठेवून, खोकून दाखवून सांगितलं की आमच्या घरात आजारी माणूस आहे. तिने स्वतःच्या गुडघ्यांवर हात मारून दाखवले. तिला माझं खोकणं चिडवणं वाटलं असावं, कारण तिने दार जोरात लावून घेतलं.

मी हारिसकडे गेले. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार. तो बांगलादेशी होता, सगळ्यांशी गोड बोलून कुणाचंच काम न करणारा. "मॅडम, ऊपर का दो घर आपस में देख लो," म्हणाला आणि कुणाच्या तरी गाडीवर पाणी मारायला निघून गेला.

मग मीही सुरू केलं. आमच्या बाजूची वाळू उचलून भरायच्या ऐवजी झाडूने परत तिच्या दारात लोटायला लागले. दुसऱ्या दिवशी तिने पॅसेजमध्ये बादलीभर पाणी ओतलं आणि तो चिखल रबराच्या पट्टीने आमच्याकडे ओढला. आमच्या चपलांच्या रॅकचे पाय त्या चिखलात वाळून घट्ट बसले. खालच्या खणातले नवऱ्याचे प्लांटवर घालायचे सेफ्टी शूज करड्याचे पिवळे झाले. दिवाळीत मी तिला चकल्या दिल्या होत्या, तिने डबा खजुराची बिस्किटं भरून परत केला होता. आता लिफ्टमध्ये समोरासमोर आलो तर दोघी मजल्यांचे आकडे बघत उभ्या राहायचो. मला ती बाई डोळ्यांसमोर नको झाली होती. हे मी आज सौम्य करून सांगणार नाही.

एका शुक्रवारी मी आंघोळीहून बाहेर आले तर दार उघडं. नवरा तोंडाला रुमाल बांधून पॅसेज झाडत होता. आमची बाजू झाली होती, तिची चालली होती. मी जाऊन झाडू हिसकावून घेतला.

"मरायचं ठरवलंयस का?"

"अगं, पाच मिनिटांचं काम. तुम्ही दोघी महायुद्ध करून बसलात."

"तिची बाजू तू का झाडायची?"

"कारण तिचे गुडघे दुखतात आणि तुझं डोकं," तो म्हणाला. मग त्याला खोकला आला. तो रुमालात तोंड लपवून, मला दिसू नये म्हणून भिंतीकडे वळून खोकला. मी त्याच्यामागे झाडू घेऊन उभी राहिले आणि समोरच्या बंद दाराकडे बघत राहिले. मनात आलं, याला काही झालं तर मी तुला सोडणार नाही.

तो खोकला सुदैवाने धरला नाही. वाफारे, हळदीचं दूध, जे सुचेल ते केलं. तारीख टिकली.

इस्पितळात जायच्या दिवशी सकाळी खूप वारा होता. बाहेर सगळं पिवळं झालं होतं, समोरची इमारत धड दिसत नव्हती. त्याचा ऑफिसातला मित्र गाडी घेऊन खाली येऊन थांबला होता. मी नवऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवली. त्याने सवयीने देवाच्या फोटोला हात जोडले, फाइल काखेत मारली, तोंडावर मास्क चढवला आणि "येतो" म्हणून निघाला. मुलीच्या डोक्यात टपली मारली, तर ती म्हणाली, "बाबा, यू विल बी फाइन." पॅसेजमध्ये रात्रभराची वाळू जशीच्या तशी होती. ती मी मुद्दामच तशी ठेवली होती. त्याच्या पावलांचे ठसे आमच्या दारापासून लिफ्टपर्यंत उमटले.

इथे एक सांगायला हवं. घरातलं माणूस लांब निघालं की त्याच्यापाठी लगेच केर काढायचा नाही, हे मला आईने शिकवलं, सासूबाईंनी शिकवलं, आणि कारण दोघींनी एकदाच, आवाज खाली करून सांगितलं. माणसाच्या पाठोपाठ केर काढतात तो एकाच वेळी, घरातून प्रेत उचललं की. म्हणून तो गावाला निघो की प्लांटच्या ट्रेनिंगला, तो पोचल्याचा फोन येईपर्यंत मी झाडूला हात लावत नसे. कुवेतमध्ये इतकी वर्षं राहून माझं बरंच काही सुटलं होतं. हे सुटलं नव्हतं.

मीही त्याच्यामागे उतरले. खाली गाडीत बसल्यावर लक्षात आलं, त्याचा चष्मा टीव्हीजवळ राहिला. "राहू दे, ऑपरेशन मी करणार नाहीये, डॉक्टर करणार आहेत," तो म्हणाला. पण चष्म्याशिवाय त्याला फोनवरचं अक्षर दिसत नसे. मी परत वर गेले.

लिफ्टचं दार उघडलं आणि समोर ती. झाडत होती. आपली बाजू नव्हे, आमची. आमच्या दारापासून तिने सुरुवात केली होती आणि जवळजवळ लिफ्टपर्यंत आली होती. सगळी फरशी पांढरीशुभ्र. त्याच्या पावलांचा एकही ठसा नव्हता. तिच्या सुपलीत तो सगळा केर होता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली, एवढंच आठवतं. काय काय बोलले ते सगळं मला लिहायचं नाही, आणि बरंचसं मराठीतच बोलले. तिच्या हातातला ब्रश मी ओढून भिंतीवर आपटला. सुपली उलटली. ती थिजून भिंतीला टेकली होती. हिवाळाभर जी मी तिला झाड, झाड म्हणून ओरडत होते, तीच मी आज झाडलं म्हणून का ओरडतेय, हे तिला कळायचा काही मार्ग नव्हता. ती आपल्या छातीवर हात ठेवून, मी तिला दाखवलं होतं तशी खोकून, परत परत सांगत होती, "मदाम, बाबा मरीद. तुराब मिश कुवैस." साहेब आजारी आहेत, धूळ वाईट. हारिसने तिला सांगितलं असणार. त्याच्यासाठीच झाडत होती ती. ते मला त्या क्षणीही कळलं. कळून राग कमी झाला नाही.

मी आमच्या अर्ध्या पॅसेजकडे बोट दाखवून तिला सुनावलं, इथे पुन्हा हात लावायचा नाही. कधीच नाही. हिंदीत, इंग्रजीत, हाताने, सगळ्या प्रकारांनी सांगितलं. मग चष्मा घेऊन खाली गेले.

गाडीत त्याने माझ्याकडे पाहिलं. "भांडलीस ना परत?"

"नाही."

"आल्यावर मीच झाडत जाईन दोन्ही बाजू," तो म्हणाला. "तुमचा प्रश्नच मिटवून टाकतो."

ऑपरेशन नीट झालं असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याशी बोललाही, चष्मा लावून मुलीचा मेसेज वाचला. मग ताप चढला. मग त्याला परत नळ्या लावल्या आणि आम्हाला बाहेर बसवलं. हिवाळाभर त्याच्यासाठी दाराच्या फटी बुजवणाऱ्या मला काचेपलीकडून बघण्यापलीकडे काही करता आलं नाही. तो गेला.

मी अकाउंट्सचं काम करते. हिशोब मला कळतो. झाडूने माणूस मरत नाही, जंतूंनी मरतो, हे मला कुणी समजावायची गरज नाही. तरी शवागाराच्या बाहेर बाकावर बसून मी त्या बाईला शिव्या घातल्या. मनातल्या मनात, पण तोंडाने उच्चारता येणार नाहीत अशा. कुणावर तरी राग काढायचा होता, आणि तिच्याइतकं हाताशी दुसरं कोणी नव्हतं.

त्याला घरी आणता आलं नाही. इथे इस्पितळातून शवागार, तिथे कागदपत्रं, मग पेटी, आणि पेटी थेट विमानतळावर. घटकाभर तरी इमारतीखाली गाडी थांबवा, असं मी त्याच्या मित्राला म्हटलं. त्याने चौकशी केली आणि खाली मान घालून परत आला. ज्या घरात त्याने इतकी वर्षं काढली, तिथून तो "येतो" म्हणून गेला तो गेलाच. आम्ही दोघी एकेक बॅग भरून त्याच्याबरोबर नाशिकला गेलो.

तेरावं झाल्यावर, निघायच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी मला जवळ बसवलं. मुलगा जाऊनही त्यांच्या डोळ्यांतून त्या दिवसांत पाणी येत नव्हतं, त्या नुसत्या बारीकसारीक गोष्टी विचारत राहायच्या.

"तिथलं घर झाडून घेतलं होतंस का गं? तो गेल्यावर?"

"कोण झाडणार, आई? दवाखान्यातून परस्पर नेलं त्याला."

"मग गेल्या गेल्या झाड," त्या म्हणाल्या. "राहिलंय ते."

पॅसेज झाडलेला त्यांना मी सांगितला नाही. तो जिवंत असताना झाडलेला होता.

मुलीची परीक्षा तोंडावर होती, म्हणून परत आलो. लिफ्टचं दार उघडलं. पॅसेजची उजवी बाजू लख्ख होती. डावी बाजू, आमची, वाळूने भरलेली. मी बोट फिरवून जिथे हद्द दाखवली होती, बरोबर तिथे, फरशीच्या एका सांध्यावर, सरळ रेघ होती. तिने रोज त्या रेघेपर्यंत झाडलं होतं आणि रेघेपलीकडे ब्रशचं टोकही नेलं नव्हतं. वाळू आमच्या दाराला लागून वर चढली होती. रॅकमधल्या त्याच्या सेफ्टी शूजमध्ये ती काठोकाठ भरली होती. मुलीने ते बूट पाहिले आणि ती पहिल्यांदा मोठ्याने रडली, लिफ्टच्या दारातच, बॅग न ठेवता.

आवाज ऐकून समोरचं दार उघडलं. ती बाई काळ्या कपड्यांत होती. तिने माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं, दुखवट्याचं असणार, आणि दोन्ही हात पुढे केले, पण रेघ ओलांडून आली नाही. तशीच काठावर उभी राहिली. मग आत जाऊन ब्रश घेऊन आली आणि आमच्या वाळूकडे बघून, भुवया उंचावून, भीत भीत विचारलं. काढू?

माझी हिंदी, अरबी, सगळी संपली होती. मी मराठीतच म्हणाले, "काढा. आता चालतं."

शब्द नाही, पण मान हललेली तिला कळली. तिने घाईघाईने रेघ ओलांडली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि आमच्या दारापासून झाडायला सुरुवात केली. मध्येच माझ्याकडे बघून ती डोळे पुसत हसली. तिला वाटलं, आमचं भांडण मिटलं. मी तिला तसं वाटू दिलं.