आत्याला सिनेमा दाखवायला कोयनानगरला

कोयनानगरला जायचं ठरलं ते एका मेसेजमुळे. मेसेज आत्याचा होता, नऊ वर्षांनी आलेला. "पिक्चर तू मराठीत केलास म्हनं. हितं बी दाखीव. रविवारी प्रार्थना झाली की मानसं असत्यात. जेवूनच जा." कशी आहेस, बरी आहेस का, काही नाही.

आधी सिनेमाचं सांगते. आमच्या सांगलीच्या चर्चमध्ये दरवर्षी एखादा परदेशी धार्मिक सिनेमा मराठीत करायची टूम आहे. मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून भाषांतर माझ्या गळ्यात. यंदाची गोष्ट अशी: एक मिशनरी शिक्षक बायकोला घेऊन जंगलातल्या आदिवासींत राहायला जातो, नकळत त्यांच्या पूर्वजांच्या जागेत शिरतो आणि ते त्याला भाल्यानं मारतात. पुढं वस्तीत तापाची साथ येते. विधवा बायको परत जाते, भाला मारणाऱ्याचीच शुश्रूषा करते आणि त्याला क्षमा करते. त्या बायकोला आवाज माझा आहे. सांगलीत सगळे डोळे पुसत बाहेर पडले, आणि मीही जरा हवेतच होते.

आता आत्याचं. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची. आत्या कोयनेच्या प्रकल्प वसाहतीत दवाखान्यात आया होती. तिनं मला दोन खोल्यांत वाढवलं, कॉलेजला घातलं. नऊ वर्षांपूर्वी सांगलीत आमच्या नव्या घराच्या प्रार्थनेला ती आली. मुख्याध्यापकबाई, नवऱ्याचे साहेब, सगळे बसलेले. आत्या आपल्या बोलीत रंगात येऊन काहीतरी सांगायला लागली, कोणीतरी ओठ दाबून हसलं, आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आत्या, तू जरा आत बस ना." ती आत गेली. स्वयंपाकघरात दोन घास खाल्ले आणि दुपारच्या एसटीनं निघून गेली. नंतर फोन केले, ती उचलायची नाही. मग मीही सोडून दिलं. माझ्यासारखी घाबरट बाई असं काही सोडून द्यायला निमित्तच शोधत असते.

रविवारी सकाळी सहाला निघालो. मी आणि आमच्या चर्चमधला सतीशदादा. गाडी त्याची, प्रोजेक्टर त्याचा, आणि सिनेमात भालेवाल्याचा आवाजही त्याचाच. दादा मूळचा विट्याचा. भावाच्या गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या दुकानात बारा वर्षं केरळात काढून परत आलेला माणूस. तासगावमार्गे विटा, तिथून कडेगाव, कराड, पाटण असा रस्ता धरला. सरळ इस्लामपूरवरून गेलात तर वेळ वाचेल, पण मोठा स्पीकर दादाच्या विट्याच्या घरी होता.

विट्यात स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागून घ्या, नाहीतर घाटात आठवण येते. मग दादानं अंगणात स्पीकर लावून पाहिला. नेमका तोच प्रसंग लागला. भालेवाला मिशनऱ्याला दम देतो, "ह्यो वढा वलांडायचा न्हाई. आदीच सांगून ठेवतो!"

हे आत्याचं वाक्य होतं. लहानपणी मी वसाहतीमागचा ओढा ओलांडून खेळायला पळायचे, तेव्हा ती दारातून ओरडायची, "वढा वलांडायचा न्हाई, मार्थे, आदीच सांगून ठेवती!" भाषांतर करताना मारणाऱ्यांना रांगडी बोली हवी होती आणि रांगडं म्हणून माझ्या हाताला तेवढंच लागलं होतं. शिक्षक आणि त्याची बायको मात्र धड्यातल्यासारखं शुद्ध बोलतात. आणि हे मी आत्याला दाखवायला निघाले होते!

दादाला सांगितलं. तो वायर गुंडाळत शांतपणे म्हणाला, "बाई, मी तवाच म्हणलं हुतं. भाला मारणारी समदी आमच्या विट्याचीच कशी काय? तुमी म्हणला, जिवंत वाटतंय."

म्हणाले होते खरी.

पुढचा प्रवास मी खिडकीबाहेर बघत केला, पण विचाराल काय पाहिलं तर सांगता येणार नाही. कराडला पेट्रोल भरून घ्या, पाटणच्या पुढं दोन ठिकाणी रस्ता खोदलेला होता, एवढं आठवतं. कराडहून चिपळूणकडं जाणाऱ्या एसट्या भरपूर आहेत, गाडी नसेल तरी अडत नाही. वळणं सुरू झाली तशी मोबाइलची रेंज गेली. दर वळणाला वाटायचं, दादाला म्हणावं, वळव गाडी. तेवढ्यात कोयनानगरच्या अलीकडचा हेळवाकचा फाटा आलाच.

आत्या दारातच उभी होती. केस पांढरेशुभ्र, पाठ तशीच ताठ. मी आमच्या ख्रिस्ती रीतीनं "सलाम आत्या" म्हटलं. ती म्हणाली, "आलीस व्हय. हात धू." घर जसंच्या तसं. काचेचं एक भांडं नाही आणि वरच्या फळीवर काही ठेवलेलं नाही, कारण इथं जमीन कधी हलेल सांगता येत नाही. नाचणीची भाकरी, धरणातल्या माशांचं कालवण आणि वाटलेली मिरची होती. लय भारी जेवण, आणि मी भाकरी नुसती कुस्करत बसले.

शेवटी मी खोटं बोलले. प्रोजेक्टर गरम होतोय, आज जमेलसं वाटत नाही, असं सांगितलं. आत्यानं दादाकडं पाहिलं, दादानं ताटाकडं. "एवड्या लांबनं बिगडल्यालं मशीन घिऊन आलासा?" एवढंच म्हणाली आणि खिडक्यांना लावायला गोधड्या काढायला लागली.

प्रार्थनेची खोली पत्र्याची. दुपारचे तीन वाजलेले, गोधड्यांनी अंधार केलेला. तीस-पस्तीस माणसं. पुढं चार-पाच कातकरी बायका बसल्या होत्या. धरणात मासे धरणारी ही माणसं, चर्चमधली नव्हेत. दुखलंखुपलं की आत्याकडं येतात आणि पिक्चर आहे म्हणून आली होती. खऱ्या आदिवासी बायकांना मी आता हे दाखवणार होते! आत्या त्यांच्या शेजारीच टेकली.

ओढ्याचा प्रसंग आला. दादाचा आवाज पत्र्यावर घुमला, "आदीच सांगून ठेवतो!" कातकरणींतली जनी खदखदून हसली आणि म्हणाली, "आत्याबाई, ही आमच्यातली न्हवंत. ही तर तुमच्यावानी बोलत्यात!"

सगळी खोली हसली. आत्या सोडून. मी भिंतीला टेकून उभी राहिले. पुढं पडद्यावर ती विधवा त्या माणसाच्या उशाशी बसली आणि माझ्याच आवाजात म्हणाली, "मी तुम्हाला क्षमा केली आहे. माझ्या मनात आता कोणताही किंतु उरलेला नाही." वर्गात फळ्यापुढं उभी राहून बोलते ना, तसाच आवाज. मला तो ऐकवेना.

माणसं पांगल्यावर आम्ही दोघी नळाखाली कप विसळत होतो. आत्या वर न बघता म्हणाली, "मारनारी माज्यावानी बोलत्यात आन् माफ करनारी तुज्यावानी. आसं का गं?"

मला रडू फुटलं. म्हणाले, "आत्या, चुकलं माझं. सिनेमातलंही आणि त्या दिवशीचंही. मला तुझी लाज वाटली होती." नऊ वर्षं जे वाक्य टाळलं ते नळाच्या धारेखाली एका दमात बाहेर पडलं. तिनं शेवटचा कप पालथा घातला, फडक्यात चार भाकऱ्या बांधून माझ्या हातात दिल्या आणि दादाला म्हणाली, "दिस हाय तवर वळनं उतरा."

सांगलीत आले ती तशीच, चार भाकऱ्या घेऊन. कोयनेला जाणाऱ्यांनी धरण लांबूनच बघायचं, आत जायला परवानगी लागते. बाग मात्र बघा, असं लोक सांगतात. मी त्यातलं काही पाहिलं नाही. चर्चच्या मंडळीत सांगून टाकलं की सिनेमा परत करायचा. भालेवाल्यांचं बोलणं नव्याने लिहायचं, तेही जनी आणि तिच्या माणसांना आधी ऐकवून. आणि आत्याला मेसेज केला: बायकोचा आवाज तू देशील का? खाली क्षमेचं वाक्य लिहून पाठवलं. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही. दिवसातून वीसदा मी फोन उघडून बघायचे. नवरा म्हणाला, फोनला तरी थोडी विश्रांती दे.

अकराव्या दिवशी आत्याचा आवाज आला, फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेला. मागं भांड्यांचा खडखडाट, बहुतेक ताटं लावत होती.

"मार्थे, तुजं ते पुस्तकी मला म्हनाय येत न्हाई. माज्या मनानं म्हनती." मग एक ताट वाजलं. "झालं ते झालं. माज्या मनात आता काय न्हाई. ये कवाबी. वढा वलांडून ये."

सिनेमाच्या त्या प्रसंगात ओढा नाही. मी ते किती वेळा ऐकलं, मोजलं नाही. संध्याकाळी सतीशदादाला ऐकवलं. तो कानाला लावून नीट ऐकत राहिला आणि म्हणाला, आवाज चांगला आलाय, पर मागं भांडी लय वाजत्यात, बाई, परत घ्यावं लागंल.

मी म्हटलं, नाही घ्यायचं.