चिंचेनं धुतलेला राणीछाप

गोंदियात स्टेशनजवळ जुन्या नाण्यांचं दुकान चालवणाऱ्या त्या माणसाला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. लोक म्हणतात, ताई, वय झालं, आता सोडून द्या. कायले सोडू?

आई गोंदियाजवळच्या मुर्रीत घरी बसून बिड्या वळायची. तिच्याजवळ तिच्या आईनं दिलेला एक राणीछाप रुपया होता, अठराशे बासष्टचा. तो ती तंबाखूच्या डब्बीत ठेवायची. त्यात राहून राहून तो काळाकुट्ट झाला होता, आणि नाकाशी नेला की आईच्या हाताचा वास यायचा. शेवटच्या आजारपणात तिनं डब्बी माझ्या हातात दिली. "इकू नोको बाई," एवढंच म्हणाली. मला कुठं विकायचा होता? नर्सची नोकरी संपल्यावर नाण्यांचा नाद लागला, तेव्हा वाटलं, आईच्या रुपयाची नीट ओळख करून घ्यावी.

म्हणून त्या दुकानात गेले. त्यानं भिंग लावून रुपया उलटापालटा करून पाहिला. टांकसाळीनं बासष्टचं साल पुढं कितीतरी वर्षं तसंच ठेवलं होतं, फक्त मागच्या बाजूला सालाजवळ बारीक टिंबं घालत गेले. त्या टिंबांवरून रुपयाची व्हरायटी ठरते. हा दुकानदार तिला जात म्हणायचा. माझ्या रुपयाची टिंबं पाहताना त्याचा चेहरा उतरला. ते मला दिसलं, पण समजलं नाही. मग भिंग बाजूला ठेवून गोड आवाजात म्हणाला, "बहुत काला है, मॅडम. इमली लगाके चमका लो. ग्रेडिंगवाले चमक देखते हैं."

मी बावळट! आमच्याकडं भांडी चिंचेनंच घासतात, मग रुपया काय वेगळा? घरी आले, चिंच भिजवली, मीठ घातलं आणि आईचा रुपया लख्ख केला. मग नागपूरच्या एका ओळखीच्या संग्राहकाच्या हाती ग्रेडिंगला, म्हणजे नाणं तपासून त्याची प्रत ठरवणाऱ्यांकडं, पाठवला. व्हरायटीही ओळखून द्या असं वेगळं सांगावं लागतं, नाहीतर ते नुसतं साल लिहून मोकळे होतात. तेही मी सांगितलं होतं.

रुपया प्लास्टिकच्या बंद डब्बीत परत आला. व्हरायटी बरोबर लिहिली होती, दुर्मिळ निघाली. पण नाण्याची प्रत सांगणारा आकडाच नव्हता. त्या जागी शेरा होता: धुतलेला. नागपूरवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "ताई, नाणं कधी धुतात का? काळेपणा हीच तर त्याची शान!" म्हणजे दुकानदाराला सगळं ठाऊक होतं.

काऊन केलं असं? ते त्या हिवाळ्यात गोंदियातल्या नाण्यांच्या प्रदर्शनात कळलं. त्याच व्हरायटीचा रुपया त्याच्याकडंही होता. काचेखाली ठेवून तो सगळ्यांना ऐकवत होता, "पूरे जिले में एक ही है!" मी सोबत नेलेली माझ्या रुपयाची डब्बी कोणीतरी पुढं केली, तर मोठ्यानं हसला. "सिक्का तो ऊँची जात का निकला, पर मॅडम ने धो डाला!"

लोकही हसले. आमच्या घरात जात हा शब्द कोणी असा हसत तोंडात घेत नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पण तोंड मिटून मी त्याच्या काचेवर वाकले आणि भिंग लावलं. वर्षभर मी टिंबांचे फोटोच पाहत बसले होते. त्याच्या रुपयावरचं खालचं टिंब खोटं होतं. त्याच्या भोवती बारीक ओरखडे होते, कोणी टोच्यानं खरवडून उभं केलेलं. तेव्हाच बोलले असते तर म्हातारी जळून राहिली, असं लोक म्हणाले असते.

मी हसून म्हटलं, "भैया, माझा धुतलेला का असेना, तपासून तर आला. तुमचा काऊन नाही पाठवला? डर लागते का?"

आता लोक त्याच्याकडं बघून हसले. तो तडकला. "भेजूँगा! जात भी लिखवाके लाऊँगा!"

मला तेच हवं होतं. त्याचा रुपया परत येईपर्यंत मी त्याचं वाईट चिंतलं नाही असं म्हणणार नाही. रोज चिंतलं.

नागपूरवाल्यानंच फोन करून सांगितलं. रुपया साधाच निघाला, एक टिंब मागाहून घातलेलं. कोणीतरी त्यालाही गंडवलं होतं. "बिचारा कोणाशी बोलत नाही," म्हणाला. बिचारा म्हणे!

मी बाजारातून पावशेर चिंच घेतली, ऑटो केला आणि थेट दुकानात गेले. तो एकटाच होता, परत आलेल्या रुपयाची डब्बी समोर ठेवून बसलेला. पुडी मी काउंटरवर ठेवली.

"इमली आहे, भैया. घासून पाहा, टिंब निघते का."

त्यानं मान वर केली नाही. "मॅडम, मुझे सच में मालूम नहीं था."

"मले बी नोतं, नाणं धुवत नाही म्हणून," मी म्हटलं, आणि निघाले.

घरी येऊन आईच्या रुपयाची डब्बी नाकाशी नेली. प्लास्टिकचा वास आला, दुसरा कोणताच नाही. त्याला दिलेली पावशेर चिंच कमीच झाली.