त्या रांगेत बाई हळू बोलतात

"सह्या करून टाकू या. चहा गार होतोय," मोठ्या बाई म्हणाल्या.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळा डोंबिवली पूर्वेची, मानपाड्याच्या बाजूला. टेबलाच्या एका बाजूला मनीषाचे आईवडील बसलेले, दुसऱ्या बाजूला पाचवीच्या वर्गशिक्षिका केळकर बाई, आणि कडेला मी. मनीषाच्या वडिलांनी पेन हातात घेतलंसुद्धा होतं. कागदावर काय लिहिलंय हे त्यांनी विचारलं नव्हतं. शाळेतल्या बाई सांगतायत म्हणजे बरोबरच असणार, असं मानणारा सरळ माणूस.

कागदावर लिहिलं होतं की मनीषाला या शाळेतलं शिक्षण झेपत नाही, सबब तिला कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत पाठवावं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा फिरती शिक्षिका होते. राहायला नौपाड्यात, पण ठाण्यापासून शहाडपर्यंतच्या बऱ्याच शाळा माझ्याकडे. एका शाळेत मीटिंग, दुसऱ्या शाळेत शिकवणं आणि तिसऱ्या शाळेत भांडण, असा माझा आठवडा जायचा. अपंग मुलांनी जमेल तिथे नेहमीच्या शाळेतच शिकावं, अशी सरकारी योजना होती. त्यात प्रत्येक मुलासाठी आयईपी करायचा. आयईपी म्हणजे त्या एका मुलापुरतं नियोजन. काय शिकवायचं, कसं शिकवायचं, कुठे बसवायचं, हे पालक, वर्गशिक्षिका, मुख्याध्यापिका आणि माझ्यासारखी एक फिरती बाई अशा सगळ्यांनी एकत्र बसून ठरवायचं. ठरलेलं पाळलं जातंय की नाही हे बघायचं, त्याला ऑफिसच्या भाषेत कम्प्लायन्स म्हणत. ऑफिसला कम्प्लायन्स फार आवडायचा, कारण तो खुर्चीत बसून बघता यायचा.

मनीषाचा डावा कान लहानपणी गालगुंड झाले तेव्हाच गेला होता. उजव्याने ऐकू यायचं, पण कमी. तो कान मधूनमधून वाहायचा, म्हणून त्यात मशीन घालायला डॉक्टरांनी मनाई केली होती. तेव्हा तिच्या आयईपीत मुख्य उपाय एकच होता. 'पहिल्या बाकावर बसवणे.' मी त्या शाळेत येण्याआधीच तो लिहिला गेला होता, आणि केळकर बाईंनी तो अगदी काटेकोर पाळला होता.

"आम्ही काय कमी केलंय ते सांगा," केळकर बाई मला म्हणाल्या. "जूनपासून पहिला बाक दिलाय. एवढी उंच मुलगी! मागच्या मुलींना फळा दिसत नाही म्हणून त्यांचे पालक माझ्याशी भांडून गेले. तरी हलवली नाही तिला."

"मग अडतंय कुठे?"

"अहो, सगळं हिच्या मूडवर. मनात आलं की पटापट उत्तरं देते. मनात नसलं की ठोंब्यासारखी बसून राहते. विचारलं तर नुसती बघत राहते तोंडाकडे. बरं, येत नाही म्हणावं तर तसंही नाही. येतं, पण करायचं नाही."

"तिचंच नुकसान होतंय इथे," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी मनीषाच्या वडिलांकडे वळले. ते तिथल्याच एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत कामाला होते, अर्धा दिवस रजा टाकून आले होते.

"ती शाळा लांब आहे, होस्टेलची आहे. पाठवाल ना तिला?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "होस्टेल? नाय बाई. पोरीच्या जातीला एकटीला कुठे ठेवू? इथे जमत नसेल तर ऱ्हाईल घरी. तिची आई ब्लाऊज शिवते, तिला मदत करील."

मनीषाची आई त्या पेनाकडे बघत होती.

मोठ्या बाईंच्या तोंडावरचा भाव बदलला. आपण मुलीला एका शाळेतून दुसरीत पाठवतोय, असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात त्या सहीनंतर मनीषाचं शिक्षणच संपणार होतं. पाचवीत.

"मी सही करत नाही," मी म्हणाले. "आधी मला तिच्या वर्गात बसून बघू दे."

"अहो, पण ऑफिसला अहवाल जायचाय."

"ऑफिसशी मी बोलते."

बोलले. शाळेतल्याच फोनवरून ठाण्याला लावला. आमचे साहेब कागदाच्या बाबतीत हुशार होते, आणि घाईत तर कायमच असायचे.

"मॅडम, केस क्लिअर आहे. पहिला बाक दिला, प्रगती नाही. म्हणजे उपाय करून झाला. पुढची शिफारस करून मोकळ्या व्हा."

"साहेब, थोडी मुदत द्या."

"मुदत दिली म्हणून कान बरा होणार आहे का?"

"कान नाही होणार. पण ती काही दिवस हुशार आणि काही दिवस ठोंब्या का असते, ते तरी कळेल. बहिरेपणा असा सुट्टी घेत नाही, साहेब."

मग म्हणाले, "घ्या मुदत. पण वरून विचारणा झाली तर तुमचं नाव सांगणार मी."

"स्पेलिंग नीट सांगा म्हणजे झालं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हा माझी जीभ अशीच होती. आता तरी कुठे सुधारली आहे म्हणा.

शनिवारी सकाळची शाळा. मी मागच्या बाकावर जाऊन बसले. वर्गात बाकांच्या चार रांगा. डावीकडे दार, उजवीकडे खिडक्या, मध्ये टेबल आणि त्याच्याशी केळकर बाई उभ्या. मनीषा दाराकडच्या रांगेत, पहिल्या बाकावर. तोंडी गणितं चालली होती. मनीषाचा हात सारखा वर. तिने बहुतेक उत्तरं बरोबर दिली, एक तर इतरांच्या आधी. केळकर बाईंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बघा, आज मूड आहे.

सोमवारी मी पुन्हा गेले. प्रार्थना झाली, हजेरी झाली, आणि केळकर बाईंनी टाळी वाजवली. "चला, रांगा!"

सगळा वर्ग उठला. दप्तरं, डबे, पाण्याच्या बाटल्या घेऊन प्रत्येक रांग एक घर दाराकडे सरकली. दाराकडची रांग वळसा घालून खिडकीकडे गेली. मुलांना इतकी सवय की गोंगाट सुरू होतो न होतो तोच संपला. मराठी शाळेत शिकलेल्यांना हे सांगायला नको. दर सोमवारी रांगा फिरायच्या. पंखा मधल्या रांगांवर, दाराकडून फळा चकाकतो, खिडकीकडे ऊन येतं, म्हणून कोणावर अन्याय नको. केळकर बाईंच्या वर्गात हा नियम कधी चुकला नव्हता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

मनीषा आता खिडकीकडच्या रांगेत होती. बाक पहिलाच. कम्प्लायन्स शंभर टक्के.

पुन्हा तोंडी गणितं. तीच मुलगी, त्याच बाई. मनीषाचा हात एकदाही वर झाला नाही. बाईंनी नाव घेतलं तेव्हा शेजारणीने तिला ढोसलं. ती उभी राहिली आणि बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. खिडकीखाली नव्या बिल्डिंगांसाठी ग्रिल बनवणारं एक वर्कशॉप होतं. तिथे लोखंड कापायला सुरुवात झाली होती. तिचा जो एकुलता एक कामाचा कान, तो त्या खिडकीकडे होता. आणि बाईंकडे होता तो गेलेला कान.

मी कपाळाला हात लावला.

मधल्या सुट्टीत मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. ती डब्यातली पोळी-भाजी खात होती. तिने आधी मला घास देऊ केला, मग स्वतः खाल्ला.

"मनीषा, तुला कुठल्या रांगेत बसायला आवडतं गं?"

"दाराकडच्या."

"का? तिथे तर फळा चकाकतो."

"पण तिथे बाई मोठ्याने बोलतात ना."

"आणि इथे?"

"या रांगेत बाई हळू बोलतात," ती म्हणाली. "सगळ्यांनाच."

तक्रार नव्हती ती. मे महिन्यात उकडतं, असं सांगावं तसं तिने सांगितलं. या रांगेतल्या सगळ्यांनाच कमी ऐकू येतं, इतर मुली आपल्यापेक्षा हुशार म्हणून त्यांना तरीही समजतं, अशी तिने स्वतःची समजूत घालून घेतली होती. मला गलबलून आलं. रागही आला, पण तो कोणावर काढावा ते कळेना. कारण चूक अशी कोणीच केली नव्हती.

शाळा सुटल्यावर मी केळकर बाईंना सगळं सांगितलं. त्या ताडकन म्हणाल्या, "म्हणजे माझं चुकलं असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही हो. कागदावर बाक लिहिला होता, तो तुम्ही दिलात. रांग कोणी लिहिलीच नव्हती."

"ते काही असो, रांगा मी फिरवणार. एकीला कायम दाराकडे ठेवली तर उद्या सगळे म्हणतील, बाईंची लाडकी. तीस वर्षांत माझ्यावर पक्षपाताचा आळ आला नाही."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी पर्समधून कापूस काढला.

"दोन मिनिटं मनीषाच्या जागेवर बसता का? उजव्या कानात हा कापूस घाला आणि डावा कान हाताने गच्च दाबून धरा."

कपाळाला आठ्या घालून त्या बसल्या. मी टेबलाशी उभी राहून, त्या नेहमी बोलतात त्याच आवाजात एक तोंडी गणित घातलं. खाली लोखंड कापणं चालूच होतं.

"काय?" त्या म्हणाल्या.

मी पुन्हा सांगितलं.

"परत सांगा जरा."

मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारायला त्यांना लाज वाटली असावी. त्या नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांचं त्यांनाच जाणवलं. कानावरचा हात खाली आला.

"अगं बाई," एवढंच म्हणाल्या.

आणखी सुनवायचा मोह मी आवरला, आणि माझ्या स्वभावाला हे फार जड गेलं.

तोड त्यांनीच काढली. रांगा फिरतील, पण मनीषा हलणार नाही. ती कायम दाराकडे, पहिल्या बाकावर, भिंतीच्या कडेला. ज्या आठवड्याला जी रांग दाराकडे येईल, त्यातली पहिली मुलगी तिची शेजारीण. वर्गालाही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, "मनीषाला एका कानाने ऐकू येतं. तो कान माझ्याकडे हवा. कोणाची काही हरकत?" कोणाचीच नव्हती. लाडकी वगैरे कोणी म्हणालं नाही. मुलांना न्याय कळतो, त्यांना फक्त कारण सांगावं लागतं.

मुदत संपली आणि आम्ही पुन्हा त्याच टेबलाभोवती बसलो. या वेळी केळकर बाई आधी बोलल्या. मनीषा रोज उत्तरं देत होती. वाचन अजून कच्चं होतं, बुडालेला अभ्यास भरून काढायचा होता, त्यासाठी त्या शाळा सुटल्यावर थांबणार होत्या. "तिला कुठेही पाठवायचं नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या वर्गातून ती सहावीत जाईल."

तेव्हा मनीषाची आई पहिल्यांदा बोलली. "म्हणजे पोर मुद्दाम करत नव्हती ना?"

"नाही," मी म्हणाले.

"मी मारलं ओ तिला. येतं आणि करत नाय म्हणून मारलं." आणि ती रडायला लागली. केळकर बाई उठल्या, तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मी पण अंगठे धरून उभी केली होती तिला." मोठ्या बाईंनी पुन्हा चहा मागवला.

मी नवा कागद पुढे सरकवला. मनीषाच्या वडिलांनी पेन घेतलं, आणि थांबले. "काय लिवलंय ते आधी वाचून दाखवा, बाई." मी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी एक शंकाही विचारली, की सहावीत बाई बदलल्या तर काय? मग तीही ओळ घातली. त्यानंतर त्यांनी सही केली. त्या दिवशी स्टेशनकडे जाताना मी रिक्षा केली नाही, चालत गेले. इतकं हलकं वाटत होतं.

ऑफिसातून साहेबांचा फोन आला. "मॅडम, 'रांग बदलली तरी विद्यार्थिनीची जागा बदलू नये', हे कुठल्या रकान्यात बसतं?"

"बसत नाही, साहेब. म्हणून समासात लिहिलंय."

"असं चालत नाही हो."

"मुलीचं चाललंय."

कुरकुरत का होईना, त्यांनी कागद पुढे पाठवला. पुढच्या माझ्या सगळ्या वर्षांत हाच धडा उपयोगी पडला. शाळा म्हणाली की आम्ही सगळ्यांना अगदी सारखं वागवतो, की समजावं, इथे वर्गात जाऊन बसावं लागणार.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी पुन्हा त्या शाळेत गेले. जिन्यातच केळकर बाईंनी मला गाठलं. चांगल्या वैतागल्या होत्या.

"तुमच्या त्या मनीषाला जरा समज द्या हो. दर आठवड्याला नवी शेजारीण मिळते ना, तिच्याशी तास तास गप्पा मारत असते. कितीदा गप्प बस म्हणून ओरडले!"

"आणि ती गप्प बसते?"

"बसते की. लगेच. ऐकू येतं ना तिला!"

मी पर्समधून फॉर्म काढला आणि ती तक्रार जशीच्या तशी प्रगतीच्या रकान्यात लिहिली.